म्हमाणेबाईंची खुर्ची

अंबुजल पाइप्सच्या सर्व्हरवर जो लॉग-इन करतो, तो शिरोलीच्या कारखान्यामागच्या खोलीत येऊन बसतो. लातूरच्या शाखेतला असो नाहीतर नागपूरच्या, त्यानं तिथं पासवर्ड टाकला की तो इथं लांब टेबलाशी, आपल्या नावाच्या खुर्चीत असतो. शाखेत त्याचं शरीर तेवढं मागे राहतं. ते चहा पितं, फोन उचलतं आणि काहीही विचारलं तरी हो म्हणतं. गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. संध्याकाळी लॉग-आउट केलं की माणूस परत आपल्या शरीरात जातो आणि डबा आवरून घरी निघतो.

माझं नाव प्रज्ञा तोरस्कर. पुण्याच्या एका कंपनीकडून मी अशा खोल्यांमध्ये बिलाचं, स्टॉकचं, पगाराचं सॉफ्टवेअर बसवते. एकट्याच्या कॉम्प्युटरवर ते कुणीही बसवेल. सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवर बसवायचं तर आधी खोली पूर्ण रिकामी लागते. सॉफ्टवेअर जागा घेत घेत पुढे सरकतं आणि बसलेला माणूस त्याला दिसत नाही. ती जागा ते मोकळीच धरतं. हे मी अंबुजलच्या लोकांना आठवडाभर आधी मेलनं कळवलं होतं. ठळक अक्षरांत.

मेल कुणी उघडलाच नव्हता. सर्व्हर सांभाळणारा कुलदीप शिंत्रे मला गेटवर घ्यायला आला तेव्हा त्यानं ते हसत हसत सांगितलं. इथं मेल कोण वाचतंय मॅडम, म्हणाला. दुपारपर्यंत होऊन जाईल ना, असंही त्यानं विचारलं, कारण मालकांना जेवणानंतर नवीन सॉफ्टवेअरमधून पहिलं बिल काढून बघायचं होतं. मला तिथंच राग आला. माझा राग आवाज करत नाही. तो कानांच्या मागून सुरू होतो आणि हळूहळू हातांत उतरतो. मी हात ओढणीत गुंडाळले आणि त्याच्या मागोमाग गेले.

खोलीला दार नाही. बाहेरून बघितली तर ती कारखान्याची मागची आंधळी भिंत आहे, तिला पाइपांच्या चळती टेकवलेल्या असतात. आत जायचं ते लॉग-इन करूनच. मी कुलदीपच्या केबिनमध्ये बसून माझं नाव टाकलं आणि आत गेले.

टेबलाशी माणसं बसलेली होती. मी उभी राहून सांगितलं की काम सेव्ह करा आणि निघा, आज नवीन सॉफ्टवेअर बसणार आहे. कुणाला काही माहीत नव्हतं, पण कुणी वादही घातला नाही. माणसं जातात ती पायांकडून. शेवटी माउसवरचा हात तेवढा राहतो, तो एक टिचकी मारतो आणि मग तोही जातो. नागपूरचे दोघे लगेच गेले. लातूरचे स्टोअरकीपर बिराजदारकाका मात्र एवढी एक एंट्री करतो म्हणून थांबले, ती झाल्यावर त्यांनी रुमालानं आपल्यापुरतं टेबल पुसलं, मला नमस्कार केला आणि गेले.

पार टोकाला एक बाई बसून राहिल्या होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात ओळखपत्र, त्यावर सोलापूर शाखा आणि रेणुका म्हमाणे हे नाव. मी त्यांना परत सांगितलं.

"मला जाता येत नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"मशीनच नाही की तिकडं."

मग त्यांनी सांगितलं. सोलापूरची शाखा कंपनीनं बंद केली होती. एका सकाळी शिरोलीहून टेम्पो आला, माणसांनी कपाटं, टेबलं, कॉम्प्युटर भराभर उचलले. म्हमाणेबाई तेव्हा लॉग-इन करून इथं बसल्या होत्या, महिनाअखेरीचा स्टॉक जुळवत होत्या. कुणीतरी मागून वायर काढली. समोरचा पडदा काळा झाला आणि त्या इथंच राहिल्या. तिकडं त्यांच्या शरीराला कुणी तरी म्हणालं, बाई, आता घरी चला. ते हो म्हणालं आणि घरी गेलं.

"म्हणजे घरी तुम्ही आहात?" मी विचारलं.

"आहे म्हणे. स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते."

हे त्यांना त्यांच्या मुलीमुळे कळलं होतं. शिवलीला तिचं नाव, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. काळ्या पडद्यावर बाकी काही उघडत नसे, पण ऑफिसच्या पत्त्यावर आलेले मेल दिसत. त्यांना पाठवता काही येत नव्हतं, फक्त वाचता येत होतं. त्यांनी एक मेल मला दाखवला. त्यात लिहिलं होतं: आई, आज तुला विचारलं भाकरी करपली का, तर हो म्हणालीस. मग विचारलं करपली नाही ना, तर त्यालाही हो म्हणालीस. तू घरात आहेस, पण तू कुठं आहेस?

मी तो मेल दोनदा वाचला आणि लॉग-आउट केलं.

कुलदीपला सांगितलं तेव्हा त्यानं त्याच्या स्क्रीनवर आत बसलेल्यांची नावं उघडली. एकच नाव होतं. तो म्हणाला, हे होय, हे जुनं सेशन आहे. त्याला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. नाव निवडायचं आणि 'संपवा' दाबायचं, झालं.

"दाबल्यावर काय होतं?"

"नाव जातं."

"आणि बाई?"

"बाई घरी आहेत की, मॅडम."

तो लबाडी करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी त्याला उपायही सांगितला, कारण उपाय अगदी साधा होता. अशा अडकलेल्या माणसाला कुठल्याही कॉम्प्युटरवरून बोलावून घेता येतं. म्हमाणेबाईंच्या शरीरानं घरी मुलीच्या लॅपटॉपसमोर बसायचं, स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकायचा, की इथली बाई तिथं ओढली जाईल. पण शाखा बंद झाली त्याच दिवशी कुलदीपनं त्यांच्या नावाला कुलूप घातलं होतं. ते त्यानं काढायला हवं होतं. मालकांना विचारल्याशिवाय ते होणार नाही, तो म्हणाला.

मालक रणधीर इंगवले वरच्या केबिनमध्ये बसतात. त्यांच्या मागं निरनिराळ्या जाडीचे पाइपचे तुकडे काचेच्या कपाटात मांडलेले आहेत. त्यांनी मला बसायला सांगितलं, कोकम मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं. सोलापूर बंद करताना सगळ्यांना व्यवस्थित निरोप दिला होता, शाल-नारळ दिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. म्हमाणेबाईंनीही ते घेतलं होतं. कुणीतरी घ्या म्हणालं असेल आणि त्यांचं शरीर हो म्हणालं असेल, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"थोड्या वेळासाठी नाव उघडा. दुसरं काही मागत नाही," मी म्हणाले.

"एकीला उघडलं की बाकीचे पण येतील मागायला."

"बाकी कुणी नाही. त्या एकट्याच आहेत."

"मग एकटीसाठी एवढं कशाला?" ते म्हणाले. आवाज अगदी सौम्य होता. "घरी जेवतात, खातात, कुणाशी भांडण नाही. अहो, कितीतरी घरांत याच्यावर लोक खूश असतील."

मी कोकम तसंच ठेवून उठले. जिन्यात थांबून पुण्याला सोहोनीसरांना फोन लावला. ते माझे वरिष्ठ. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "नाव काढा असं त्यांच्याकडून लेखी घे आणि टाक काढून. आपण सॉफ्टवेअर बसवणारी माणसं आहोत प्रज्ञा, दुसऱ्याच्या घरात शिरू नये." मी त्यांना विचारलं, तुमच्या आईचं नाव असतं तर? ते म्हणाले, तू दमलीयस, काम संपव आणि उद्या सुट्टी घे.

राग तोवर कोपरापर्यंत आला होता. मला दया आली असं कुणी समजू नये. म्हमाणेबाई मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हत्या. पण तीन माणसांनी एकामागून एक, चांगल्या आवाजात, मला हो म्हणायला सांगितलं होतं, आणि मी तोपर्यंत माझ्या शरीरातच होते.

बसवणाऱ्याच्या नावाला एक अधिकार असतो. त्याला नवीन नाव तयार करता येतं, म्हणजे टेबलाशी नवी खुर्ची मांडता येते. खोली माणसाला तोंडावरून ओळखत नाही, खुर्चीवरून ओळखते. म्हमाणेबाईंसाठी एक नवी खुर्ची मांडायची, त्यांना तिच्यात बसवायचं आणि ते नवं नाव शिवलीलाला कळवायचं, असं मी ठरवलं. कुलदीपला म्हटलं, मी आत जाऊन खोली मोकळी करून येते. ते खोटं नव्हतं.

आत गेल्यावर मी बाईंना बेत सांगितला. त्यांनी आधी केस सारखे केले. माझ्या स्क्रीनवरून मी शिवलीलाला मेल केला की लॅपटॉप उघडून आईला समोर बसव, मी सांगते ते नाव तिच्या बोटांनी टाकायचंय. तिचं उत्तर लगेच आलं. कोण, कुठून, कशाला, असलं तिनं काहीच विचारलं नाही. बसवलं, एवढंच लिहिलं होतं.

मी नवीन नाव तयार करायला घेतलं आणि पलीकडची भिंत हलली.

कुलदीपला वाट बघवली नव्हती. मालकांचा फोन आला असणार. त्यानं बाहेरून इन्स्टॉलेशन सुरू केलं होतं आणि त्यात 'सगळ्यांसाठी' हा पर्याय निवडला होता. भिंत घाईनं येत नव्हती. कपाट सरकवताना होतो तसला आवाज करत ती येत होती, आणि तिच्यात आधीच खण तयार झालेले होते, बिलांचे, मालाचे, रजांचे. बाईंच्या विरुद्ध टोकाची रिकामी खुर्ची तिनं घेतली. खुर्ची मोडली नाही. तिचा एक खण झाला.

इन्स्टॉलेशन चालू असताना नवी खुर्ची येत नाही. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, हे मला माहीत असूनही. मध्येच बंद पाडायचं तर तेही उपयोगाचं नव्हतं, मग भिंत अर्ध्यावर आणि बाई आत, असंच कायमचं राहिलं असतं.

तेवढ्यात माणसं परत यायला लागली. शाखांमधून फोन गेले असणार की काम अडलंय, आणि कुलदीपनं लॉग-इन पुन्हा सुरू करून दिलं असणार. नागपूरचे दोघे आले, बसले, खुर्च्या अरुंद झाल्यात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी गुडघे जवळ घेतले. बिराजदारकाका आले तर त्यांची खुर्ची भिंतीत गेलेली. ते जरा वेळ भिंतीकडं बघत उभे राहिले. मग टेबलाच्या कडेला उभ्यानंच काम सुरू केलं. मी त्यांना म्हटलं, काका, परत जा, इथं जागा उरणार नाही. त्यांनी प्रयत्न केला. माउसवरचा हात टिचक्या मारत राहिला, पण पाय गेले नाहीत. त्यांची खुर्ची आता खण होती आणि खणातून कुणी लॉग-आउट करू शकत नाही.

"असं कसं हो बाई," ते म्हणाले. "मला तर दुपारी नातवाला आणायला जायचंय."

मी बाईंकडं वळले. आता एकच गोष्ट उरली होती. माझी खुर्ची शाबूत होती आणि माझ्या नावाला कुलूप नव्हतं.

"तुम्ही इथं बसा," मी म्हणाले. "मी तुमच्या जागी बसते. तुमच्या घरी माझं नाव टाकायला सांगते."

त्यांना ते लगेच कळलं. टेबलाशी इतके दिवस बसून त्यांना खोलीचे सगळे नियम पाठ झाले होते. "आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव तुम्ही तिकडं गेलात की संपेल. मी तुमच्या खुर्चीत राहीन."

"तुमच्या घरी कोण आहे?"

मी सांगितलं की कुडाळला वडील आहेत. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. एका स्थळासाठी ते किती वर्षं माझ्या मागं लागलेत, माणूस चांगला आहे, आंब्याची कलमं आहेत, आणि मी दर वेळी नाही म्हणते. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की आज संध्याकाळी ते फोन करतील आणि कुलदीपच्या केबिनमध्ये बसलेली मी तो उचलेन.

बाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. "माझ्यासाठी असं करू नका, पोरी."

"तुमच्यासाठी नाही करत," मी म्हणाले. "मला राग आलाय. उठा."

त्या उठल्या. आम्ही खुर्च्या बदलल्या. बसण्याआधी मी माझ्या स्क्रीनवरून शिवलीलाला माझं नाव आणि पासवर्ड पाठवला होता. म्हमाणेबाई माझ्या खुर्चीत ताठ बसल्या, पदर खोचला, जणू बस सुटणार होती. सोलापुरात त्यांची मुलगी त्यांच्या शरीराची बोटं धरून एकेक अक्षर दाबत असणार, कारण त्या एकदम गेल्या नाहीत, अक्षरागणिक गेल्या. आधी चपला. मग साडीचे काठ. ओळखपत्र शेवटपर्यंत हवेत लोंबत राहिलं, मग तेही टेबलावर पडलं.

माझी खुर्ची रिकामी झाली आणि भिंतीनं ती घेतली.

मी आता रेणुका म्हमाणे यांच्या जागेवर होते. समोर काळा पडदा होता. त्यावर एक मेल आला: आई बोलली. आधी तिनं मालकांना एक शिवी दिली, मग पाणी मागितलं. आता रडतीये. ताई, तुम्ही कोण आहात? तुम्ही तिथून निघालात ना?

मला उत्तर पाठवता येत नव्हतं.

भिंत येतच होती. नागपूरच्या दोघांच्या खुर्च्या गेल्या, ते उठून टेबलावर बसले, पाय वर घेऊन. एकानं दुसऱ्याला सरकून जागा दिली. त्याचं वागणं बघून माझा राग खांद्यांपर्यंत चढला. ही सगळी चांगली माणसं होती. गेली किती वर्षं ती अशीच एकमेकांना जागा करून देत होती, आणि भिंतीला तेच तर हवं होतं.

मी खुर्चीतून उठले. टेबलाला पाय लावले आणि भिंतीला पाठ. भिंत उबदार होती. तिच्या खणांच्या मुठी पाठीत रुतत होत्या. मी पाय काढले नाहीत.

बिराजदारकाका माझ्याकडं बघत होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, माझ्या शेजारी आले आणि आपली पाठ लावली. त्यांच्या तोंडून एक अस्सल लातुरी शिवी बाहेर पडली, बहुतेक त्यांनाच ऐकू जाण्यासाठी. मग नागपूरचे दोघे टेबलावरून उतरले. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. चार पाठा ओळीनं लागल्या. भिंत करकरली. आत कुठं तरी खण उघडले, मिटले. मग ती थांबली.

बाहेर पाइपांच्या चळती सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी मागच्या बाजूनं भिंतीशी आलं होतं. कुलदीपचा आवाज ओळखू आला. मघापासून तिथंच अडकलंय साहेब, पुढं जात नाही, असं तो म्हणत होता. इंगवल्यांनी पुण्याच्या मॅडम कुठं आहेत असं विचारलं. इथंच आहेत की, कुलदीप म्हणाला, मघाच आणलंय त्यांना.

"मॅडम, तुम्हाला यातलं कळतं," इंगवले म्हणाले. "जरा ढकलून बघता का?"

"हो," मी बाहेरून म्हणाले.

माझ्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये, भिंतीतून, दोन तळवे टेकले. ते माझेच होते, आणि त्यांच्यात चांगलाच जोर होता.